आवाज वाढवला की खर्जाचा लगदा होतो

पत्र : "गेल्या वर्षी परदेशातून किट मागवून फेंडर ट्वीड डिलक्सच्या धर्तीचा ट्यूब अँप (व्हॉल्व्हवर चालणारा गिटार अँप्लिफायर) घरीच जोडला. सर्किट ५ई३, बारा इंची स्पीकर. घरी व्हॉल्यूम तीनवर असला की आवाज गोल, भरदार, अगदी हवा तसा. पण रिहर्सलला पाचच्या पुढे गेलो की खालच्या दोन तारांचा नुसता लगदा. कॉर्ड मारली तर सूर कळत नाहीत, फक्त भस्स. गिटारला हंबकर (दोन कॉइलचे पिकअप) आहेत. टोनचं बटण पूर्ण फिरवलं तरी फरक नाही. एक जुने मेकॅनिक म्हणाले, आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ट्यूब आणि स्पीकरच्या मधला) मोठा घाला. आमचा बेसिस्ट म्हणतो, स्पीकर बदल. नेटवर सगळे म्हणतात, ०.१चे कपॅसिटर काढून सगळीकडे ०.०२२ घाल. कोणाचं ऐकू? आणि घरचा तो गोल आवाज मला घालवायचा नाही."
— पुण्याहून एक वाचक

नमस्कार.

आधी एवढं करा, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरवर इतक्यात एक रुपयाही घालू नका. तुमच्या जोडणीत चूक असण्याची शक्यता कमीच आहे. ही तक्रार या सर्किटच्या जन्मापासूनची आहे.

फेंडर कंपनीने ५ई३ डिलक्स १९५५ ते १९६० या काळात बनवला. त्याच्या दोन चॅनेलपैकी एक वाद्यासाठी आणि दुसरा चक्क मायक्रोफोनसाठी होता. गायक आणि गिटारवादक एकाच पेटीतून वाजणार, तेही छोट्या जागेत आणि स्वच्छ आवाजात, अशी कल्पना. त्यामुळे खर्ज अडवायचा विचारच त्यात नाही, उलट तो जितका पुढे जाईल तितका चांगला. हंबकर गिब्सनच्या गिटारांवर आला १९५७ साली, आणि अँपचा आवाज मुद्दाम फाडून वाजवायची पद्धत रुळली त्याहून नंतर. तुम्ही या अँपला त्याच्या आराखड्यात नसलेलं काम सांगताय. अर्थात काहींना नेमका हाच फाटका, ढासळता आवाज हवा असतो. रॉक गिटारवादक नील यंग १९५९च्या डिलक्समधून अनेक दशकं तो काढतोय आणि त्यावर जीव टाकणारे लोक आहेत. तुम्हाला तो नकोय, एवढंच.

आता लगदा होतो कसा ते बघू, कारण कुठला भाग बदलायचा हे त्यावरच ठरतं. गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ८२ हर्ट्झला वाजते, म्हणजे तिची एक लाट सुमारे १२ मिलिसेकंदांची. गिटारच्या सिग्नलमध्ये सगळ्यात मोठ्या लाटा याच. व्हॉल्यूम वाढला की त्या ६व्ही६ या आउटपुट ट्यूबच्या ग्रिडला, म्हणजे सिग्नल घेणाऱ्या जाळीला, तिच्या मर्यादेपलीकडे ढकलतात. एरवी ग्रिडमधून करंट वाहत नाही, पण ती कॅथोडपेक्षा (ट्यूबमधल्या इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागापेक्षा) पॉझिटिव्ह झाली की वाहायला लागतो आणि अलीकडचा ०.१ मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर (एका टप्प्यातून दुसऱ्यात सिग्नल नेणारा) चार्ज होऊन बसतो. हा चार्ज २२० किलोओहमच्या रेझिस्टरमधूनच हळूहळू उतरणार. त्या जोडीचा टाइम कॉन्स्टंट, म्हणजे चार्ज बराचसा उतरायला लागणारा वेळ, येतो २२ मिलिसेकंद. म्हणजे लाट १२ मिलिसेकंदांची आणि ट्यूबला सावरायला त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ. पहिल्या लाटेतून ती बाहेर येते न येते तोच दुसरी आदळते. मधल्या वेळात ट्यूब अर्धवट बंद असते आणि त्या काळात खर्जाबरोबर वरचे सूरही गिळले जातात. कॉर्डमधले सूर ओळखू येत नाहीत ते म्हणून. याला ब्लॉकिंग डिस्टॉर्शन म्हणतात. भरीला ५वाय३ रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारी ट्यूब) आणि तो डीसी सपाट ठेवणारे १६ मायक्रोफॅरडचे छोटे फिल्टर कपॅसिटर. खर्जाने करंट ओढला की पुरवठ्याचा व्होल्टेजही बसतो.

टोनच्या बटणाने काही होत नाही यातही नवल नाही. ते फक्त वरच्या सुरांशी खेळतं, या अँपला बेसचं बटणच नाही.

या सगळ्यातून निघणारी गोष्ट एकच. खर्ज कापायचा तो आवाज फाटायच्या आधी. फाटून झाल्यावर कापलात तर लगदा तसाच राहतो, फक्त पातळ होतो. तुमचे मेकॅनिक आणि बेसिस्ट दोघंही शेवटच्या टोकाला हात घालायला सांगतायत आणि तिथे पोचेपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असतं.

हे पटतं का ते सोल्डरिंगची कांडी गरम न करताच तपासता येईल. कोणाकडून तरी ईक्यू पेडल (आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या कमीजास्त करणारं) मागून आणा, मल्टिइफेक्टमधला ईक्यूही चालेल. गिटार आणि अँप यांच्या मध्ये जोडा, १०० हर्ट्झची पट्टी चार-पाच डेसिबल खाली ओढा आणि व्हॉल्यूम नेहमीसारखा सहावर न्या. तार सुटी ऐकू यायला लागली तर निदान पक्कं. ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल लावल्यावर आवाज 'आवळून' येतो असं गिटारवाले म्हणतात, त्यामागेही हेच आहे. त्याच्या क्लिपिंगच्या टप्प्यात ७२० हर्ट्झच्या खाली गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) उतरत जातो. समजा पेडलनेच तुमचं समाधान झालं, तर तिथेच थांबा. अँप उघडलाच पाहिजे असा काही नियम नाही.

फुकटातले आणखी काही उपाय आहेत. हंबकरची खालच्या तारांकडची बाजू स्क्रूने थोडी उतरवा. अर्धा-एक मिलिमीटरनेही फरक कळतो, विशेषतः नेकच्या पिकअपवर. गिटार दोन नंबरच्या इनपुटला लावा, तिथे सिग्नल निम्मा होऊन आत जातो. अँप जमिनीवर, खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेला असेल तर खुर्चीवर उचलून ठेवा, कारण कोपरा खर्ज फुगवतो. ५ई३मध्ये दोन्ही चॅनेलचे व्हॉल्यूम एकमेकांत अडकलेले असतात, म्हणून रिकाम्या चॅनेलचं बटण शून्यापासून वर नेत तार ऐका. कुठल्यातरी जागी आवाज सुकतो आणि नेमका होतो. आणि पहिल्या सॉकेटमध्ये कोणती ट्यूब आहे ते बघा. मूळ आराखड्यात तिथे १२एवाय७ आहे, तिचा अँप्लिफिकेशन फॅक्टर सुमारे ४४. अनेक जण हाताशी असलेली १२एएक्स७ खोचतात, तिचा १००. पिना त्याच, त्यामुळे बसते बिनबोभाट, पण पुढच्या टप्प्यांवर दुप्पट मारा होतो. तुमच्याकडे १२एएक्स७ निघाली तर निम्मं काम ट्यूब बदलूनच होईल.

एवढ्यावर भागलं नाही तर अँप उघडू. पण आधी हे वाचा आणि मनावर घ्या. प्लग भिंतीतून काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये साडेतीनशे-चारशे व्होल्ट दबा धरून असू शकतात. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड वायरींना जोडून घ्या. एक टोक चासीला (अँपच्या धातूच्या सांगाड्याला) आणि दुसरं प्रत्येक फिल्टर कपॅसिटरच्या पॉझिटिव्हला पाच-दहा सेकंद धरा, मग मल्टिमीटरने डीसी मोजा. पाच व्होल्टच्या खाली आल्याशिवाय बोट आत नाही. एक हात खिशात. अँप चालू असताना आत काही मोजायचं असेल आणि सवय नसेल, तर ज्याला आहे त्याला शेजारी बसवा. आणि स्पीकर जोडल्याशिवाय अँप कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

जाणकार शेजारी असेल तर एक मोजमाप करून घ्या. अँप चालू, गिटार नाही, ६व्ही६च्या ग्रिडवर चासीच्या हिशेबाने डीसी बघा. शून्य हवं. तिथे अर्धा-एक व्होल्ट पॉझिटिव्ह दिसला तर कपलिंग कपॅसिटर गळतोय. तो आधी बदला, बाकीचं मग.

माझ्या हिशेबाने पहिला बदल व्हायला हवा तो दुसऱ्या ट्यूबच्या कॅथोडवर. १२एएक्स७चा जो अर्धा भाग फेज इन्व्हर्टरच्या (सिग्नलच्या दोन उलटसुलट प्रती करणाऱ्या टप्प्याच्या) आधी गेन देतो, त्याच्या कॅथोडला १.५ किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. २५ म्हणजे ८२ हर्ट्झपासून वर सगळं पूर्ण गेनने जाणार. हा कपॅसिटर लहान केला की वरच्या सुरांना गेन तेवढाच मिळतो आणि खालच्यांना कमी. गंमत अशी की इथे कपॅसिटर अजिबात नसला तरी गेन साधारण सहा डेसिबलनेच पडतो, म्हणजे कितीही कापलंत तरी तळ उरतोच. आवाज पत्र्यासारखा व्हायची भीती इथे कमी आहे. ८२ हर्ट्झला काय होतं त्याचा हिशेब मी मांडून पाहिला. ४.७ मायक्रोफॅरडला एक डेसिबलही जात नाही. २.२ला सव्वादोनच्या आसपास जातात, १ला सुमारे साडेचार. हंबकरसाठी मी १पासून सुरुवात करीन. सिंगल कॉइल (एका कॉइलचे पिकअप) असते तर २.२ म्हटलं असतं.

तुमच्या दुसऱ्या अटीचं, म्हणजे घरच्या गोल आवाजाचं, उत्तरही याच जागी आहे. १ मायक्रोफॅरड कायमचा लावा. त्याला समांतर २२ मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर एका छोट्या टॉगल स्विचमधून जोडा. स्विच ग्राउंडच्या बाजूला ठेवा, कपॅसिटरचा पॉझिटिव्ह कॅथोडकडे. स्विचच्या दोन टोकांवर १ मेगओहमचा रेझिस्टर आडवा टाका, म्हणजे बंद असतानाही कपॅसिटर चार्ज राहील आणि खटका दाबताना स्पीकरमधून धाडकन आवाज येणार नाही. घरी स्विच चालू, रिहर्सलला बंद. या जागी व्होल्टेज जेमतेम दीड असतो, त्यामुळे साधा स्विच पुरतो. किटच्या चासीला एक भोक पाडायला हरकत नाही. हाच अँप कोणाकडचा १९५०च्या दशकातला अस्सल असता, तर ड्रिलला हातही लावू नका असं म्हटलं असतं.

घरी मुळात एवढा खर्ज हवासा का वाटतो, तेही जाता जाता. हळू आवाजात आपल्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात आणि आवाज वाढला की ते आपोआप भरून येतात. म्हणून खोलीत तीनवर जुळवलेला अँप स्टेजवर जड होतो, मग तो कुठल्याही कंपनीचा असो.

आता तो नेटवरचा ०.०२२चा सल्ला. तो चुकीचा नाही, पण 'सगळीकडे घाल' हे आंधळेपणाचं आहे. पहिल्या ट्यूबनंतर व्हॉल्यूमकडे जाणारा ०.१चा कपॅसिटर घ्या. १ मेगओहमच्या पॉटबरोबर (व्हॉल्यूमच्या बटणामागचा बदलता रेझिस्टर) त्याचा कटऑफ, म्हणजे ज्याच्या खाली आवाज कापला जायला लागतो ती वारंवारता, येतो १.६ हर्ट्झ, ०.०२२ घातला तर ७ हर्ट्झ. दोन्ही आकडे ८२च्या इतके खाली आहेत की फरक पडूच नये, असं कागदावर वाटतं. पण ५ई३मध्ये पॉट उलटा जोडलेला आहे, सिग्नल मधल्या पिनेवर येतो. त्यामुळे बटण मध्यावर असताना कपॅसिटरला दिसणारा भार १ मेगओहम नसतो. ऑडिओ टेपरच्या पॉटला (मध्यावर ज्याचा रेझिस्टन्स निम्म्याहून बराच कमी असतो अशा) तो शंभर-दीडशे किलोओहमपर्यंत उतरतो. त्या भारावर ०.०२२चा कटऑफ ५०-७० हर्ट्झच्या घरात जातो आणि जाड तारेच्या बुडाला लागतो. बटण पूर्ण उघडलं की हा परिणाम विरतो. म्हणजे हा बदल चार-पाचवर सगळ्यात जास्त ऐकू येणार आणि दहावर सगळ्यात कमी. तुमची तक्रार पाचच्या पुढची आहे, म्हणून मी याला दुसरा नंबर दिला. केलात तर फक्त वाद्याच्या चॅनेलवर करा. माइकच्या चॅनेलचा ०.१ तसाच ठेवा, सिंगल कॉइलची गिटार आणणाऱ्या मित्राला तो उपयोगी पडेल.

तिसरी जागा म्हणजे ६व्ही६च्या आधीचे दोन कपॅसिटर, लगदा प्रत्यक्ष जिथे होतो ती. इथे ०.१च्या ऐवजी ०.०४७ घातलात तर सावरायचा वेळ २२ मिलिसेकंदांवरून १०वर येतो, ०.०२२ला पाचवर. पाच म्हणजे लाटेच्या निम्म्याहून कमी, ट्यूब वेळेत मोकळी होते. पण २२० किलोओहमबरोबर ०.०२२चा कटऑफ ३३ हर्ट्झ येतो आणि हळू आवाजात तळ किंचित हलका वाटू शकतो, शिवाय इथे स्विचची चैन नाही. मी ०.०४७वर थांबलो असतो. दोन्ही बाजूंचे कपॅसिटर एकाच वेळी, एकाच किमतीचे बदलायचे. एक जुना एक नवा ठेवलात तर पुश-पुलच्या, म्हणजे आलटूनपालटून काम करणाऱ्या ६व्ही६च्या जोडीच्या, दोन बाजू खालच्या सुरांना वेगळ्या वागतील.

सामान बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळायला हरकत नाही, नाहीतर मुंबईला लॅमिंग्टन रोड आहेच. कपॅसिटरवर बहुतेकदा मायक्रोफॅरड छापलेले नसतात, तीन आकडी कोड असतो. ०.०२२ म्हणजे २२३, ०.०४७ म्हणजे ४७३, ०.१ म्हणजे १०४. काउंटरवर कोड जुळला की लोक समाधानाने पैसे देऊन निघतात, पण त्याच्या खालचा व्होल्टेज वाचा. शंभर व्होल्टचा २२३ दिसायला छोटा, छान आणि इथे निरुपयोगी. कपलिंगच्या जागी ६३० व्होल्टचाच घ्या, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर कुठलाही. चालू अँपमध्ये ट्यूबच्या प्लेटवर (सिग्नल बाहेर पडतो त्या टोकावर) दोनशेच्या आतबाहेर व्होल्ट असताना ६३० कशाला, असं दुकानदार विचारेल. ५वाय३ दोन-चार सेकंदांत तापते, बाकीच्या ट्यूब त्याहून सावकाश. त्या मधल्या क्षणी कोणीच करंट ओढत नसतं आणि चारशेच्या वरचा सगळा व्होल्टेज या कपॅसिटरांच्या डोक्यावर असतो.

एका वेळी एकच बदल करा. मग तीच गिटार, तोच व्हॉल्यूम, तोच तुकडा वाजवून बघा, आणि निकाल खोलीत लावू नका, बँडबरोबर लावा. एकट्याने वाजवताना '१ मायक्रोफॅरडने आवाज पातळ झाला' असं हमखास वाटेल. बेस आणि ड्रमचा किक सुरू झाला की तीच गिटार जागेवर बसलेली ऐकू येते, कारण तुमचा आणि बेसिस्टचा एकाच पट्टीतला झगडा संपलेला असतो. त्याला स्पीकरऐवजी हे ऐकवा.

काही गोष्टी करू नका. ५वाय३च्या जागी जीझेड३४ ही दुसरी रेक्टिफायर ट्यूब खोचून 'आवाज घट्ट' करायचा मोह होईल. तिच्यात व्होल्टेज कमी खर्ची पडतो, म्हणजे पुढे जास्त जातो, आणि ६व्ही६ आधीच कडेला चाललेल्या असतात. पहिला फिल्टर कपॅसिटर १६चा ४७ किंवा १०० करू नका, चालू होताना रेक्टिफायरला तो धक्का सोसत नाही. आउटपुटवरून निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून मागे देणं) आणला तर खर्ज खरंच आवळतो, कारण बारा इंची गिटार स्पीकरचा स्वतःचा अनुनाद याच ८०-१०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि फीडबॅक त्याला वेसण घालतो. पण मग अँपचा स्वभावच बदलतो, बोट हलकं-जड केल्यावर जो प्रतिसाद मिळतो तो जातो. तुम्ही ५ई३ हौसेने बांधलाय, म्हणून मी त्या वाटेला पाठवत नाही.

राहिले ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर. स्पीकर विकत घेण्याआधी तुमचा अँप दुसऱ्या कोणाच्या बारा इंची कॅबिनेटला लावून बघा, ओहम जुळतायत याची खात्री करून. तिथे लगदा लक्षणीय कमी झाला तर बेसिस्टच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि मग जास्त वॅटचा, जड मॅग्नेटचा स्पीकर घ्यायला हरकत नाही. ट्रान्सफॉर्मर मोठा केलात तर खर्ज आणखी पुढे जाईल, म्हणजे आहे त्या दुखण्यावर उलटं औषध.

हे सगळं करूनही हा अँप बारा-पंधरा वॅटचा आहे. कॅथोड आणि कपलिंग बदलल्यावर सहा-सातपर्यंत तार सुटी ऐकू येईल, असा माझा अंदाज आहे. ड्रमर जोरकस असेल आणि आठ-नऊची गरज पडत असेल, तर अँप पाचवर ठेवा आणि त्याच्यासमोर माइक लावून पीएमध्ये (हॉलच्या ध्वनियंत्रणेत) घ्या. मिक्सरवर गिटारच्या चॅनेलचा लो-कट (खर्ज कापणारं बटण) दाबायला विसरू नका.